अठरानंतरची पायरी

१

भीती आईकडून मुलीकडे जाते ती नेमकी कुठल्या वाटेनं, या एका विचारानं तिची लागोपाठ तीन रात्रींची झोप खाल्ली होती. नाक बापाचं, केस आत्याचे, हट्ट दोन्ही घराण्यांचा, हे सगळं निदान दिसतं तरी. पण भीती? ती दुधातून जाते, की बोट धरून चालताना तळहाताच्या घामातून?

घडलं होतं ते एवढंसंच. बालवाडीच्या बाईंनी शाळा सुटताना हसत हसत सांगितलं, "तुमची भिंगरी घसरगुंडीच्या दुसऱ्याच पायरीवर थांबली हो. पोट असं घट्ट धरून. म्हटलं, दुखतंय का बाळा? तर म्हणे, नाही, माझी आई असंच धरते."

भिंगरी चार वर्षांची. घरातलं नाव, पण बालवाडीतही तेच चालायचं, कारण ती एका जागी कधी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. ती थांबली होती, पोट धरून. आणि आई असंच धरते हे शंभर टक्के खरं होतं. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायचा म्हटलं तरी आईच्या पोटऱ्यांत मुंग्या यायच्या. पुलावरून जाताना ती पोट घट्ट धरून नवऱ्याशी उगाचच भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागायची. आणि नशिबाची थट्टा बघा, अशा बाईला नवरा मिळाला लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि नवऱ्याला कंपनीनं जागा दिली ती नवव्या मजल्यावर, लिफ्टच्या यंत्रखोलीच्या बरोबर खाली.

लिफ्टमध्ये ती पाऊल ठेवत नसे. लिफ्ट आणि मजला यांच्यामध्ये दोन बोटांची एक फट असते. बाकी लोक ती ओलांडतात. तिला वाटायचं, त्या फटीतून खालचा काळोख मान वर करून बघतोय.

"लिफ्टवाल्याची बायको आणि जिन्यानं!" नवरा म्हणायचा. "लोकांना वाटतं मी कामच धड करत नाही."

गॅलरीच्या दारापुढे तिनं पहिल्याच दिवशी लोखंडी कपाट लावून घेतलं होतं आणि खिडक्यांच्या काचांना दुधी कागद. घरात नवव्या मजल्याचा उजेड होता, नववा मजला नव्हता. असं दीड वर्ष सुखात गेलं होतं. आणि आता पोरगी दुसऱ्या पायरीवर पोट धरून उभी.

तिसऱ्या रात्रीच्या शेवटी तिनं ठरवलं. भीती जायची तेव्हा जाईल, पण पोरीला दिसू द्यायची नाही.

२

त्यासाठी तिच्याकडे हत्यार तयारच होतं. जिना.

रोज शाळेतून परतताना दोघी पायऱ्या मोजत वर यायच्या. प्रत्येक मजल्याला नऊ आणि नऊ, अठरा पायऱ्या. मजला आला की पुन्हा एकपासून सुरुवात. त्यामुळे भिंगरीला अठरापर्यंत अंक चोख यायचे आणि त्यापुढे एकही नाही. अठरा हा तिच्या जगातला शेवटचा आकडा होता. बाबांचं वय अठरा, चंद्र अठरा कोस, आणि आईवर प्रेम किती, तर तेही अठरा.

त्या सोमवारी आईनं मुद्दाम कठड्यावरचा हात काढला, मान ताठ केली, चेहरा हसरा ठेवला. पोरगी टाळ्या वाजवत मोजत होती. पाचव्या मजल्यावर शिवणमावशींनी मशीन थांबवून हात केला. दार उघडं टाकून, मशीन उंबऱ्यापाशी ओढून बसायची त्यांची पद्धत होती. येणाजाणाऱ्याशी बोलल्याशिवाय त्यांचा धावदोराही सरळ पडत नसे.

आठवा मजला गेला. शेवटचे दोन जिने. "सोळा... सतरा... अठरा!" आणि भिंगरी थबकली.

"आई, अठरानंतर काय?"

"अठरानंतर घर," ती सवयीनं म्हणाली.

"घर नाही आलं."

तिनं बघितलं. दोघी एका पायरीवर उभ्या होत्या. घराचं दार समोर होतं, पायपुसणं दिसत होतं, पण मध्ये अजून एक पायरी होती. साधी, राखाडी, कडा झिजलेली. इतर पायऱ्यांइतकीच जुनी.

"तू मध्ये एक गाळलीस बेटा."

"नाही गाळली." भिंगरीनं ओठ काढला. "आई, अठरानंतर काय?"

"एकोणीस," ती म्हणाली, आणि त्या पायरीवर पाय ठेवला. पायरी भक्कम होती. याचं तिला थोडं वाईटच वाटलं.

३

तिचं कामच मोजदादीचं होतं. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांची उत्तरसूची ती घरबसल्या तपासायची. मागच्या पानावर उत्तर आहे बेचाळीस, तर ते खरंच बेचाळीस येतं का. या धंद्यात तिनं स्वतःसाठी एक नियम केला होता. उत्तर एकदा वेगळं आलं तर चूक आपली. दुसऱ्यांदा आलं तर झोप आपली कमी. तिसऱ्यांदा आलं तर चूक पुस्तकाची.

मंगळवारी वीस झाल्या. बुधवारी एकवीस.

बाकी आठ मजल्यांना अठराच. फक्त शेवटच्या जिन्यात, घराच्या जवळ, रोज एकेक जास्त. कुठली नवी, ते ओळखू येत नसे; सगळ्या सारख्याच झिजलेल्या. वरच्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड नव्हतं, आणि लिफ्ट सोडून जिन्यानं येणारं तिच्याइतकं भेकड इमारतीत कुणी नव्हतं. म्हणजे साक्षीला एक चार वर्षांची मुलगी.

बुधवारी संध्याकाळी नवरा हात धुताना वैतागून बोलत होता. "काय झालंय कळत नाही. लिफ्ट नवव्यावर येते ती मजल्याच्या खालीच थांबते. मी रोज सारखी करतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. दोर ताणतात हे ठीक, पण इतके?"

"किती खाली?"

"वीतभर असेल."

"पायरी किती उंच असते रे?"

"वीतभर. का गं?"

तिनं सांगितलं. हसत हसत, स्वतःचीच टिंगल करत, म्हणजे नाही पटलं तर गंमत म्हणून सोडून देता यावं. त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, जिना उतरून आठव्यावर गेला, आणि फोनवर कुणाशी तरी बोलत, दोन दोन पायऱ्या एका ढांगेत टाकत वर आला.

"अठरा."

"तू मोजल्यास?"

"अठरा आहेत हे माहीत असल्यावर मोजायचं काय त्यात?" मग तिचा चेहरा बघून तो जरा मऊ झाला. "अगं, इमारती बसतात थोड्या. पाया दबतो. त्यानं फरक पडतो."

"इमारत बसते हे ऐकलंय मी," ती म्हणाली. "उठते असं नव्हतं ऐकलं."

तो मनापासून हसला. तिलाही हसू आलं. भिंगरी आतल्या खोलीत बाहुलीला शिकवत होती, "अठरानंतर एकोणीस, मग वीस, मग एकवीस. मग उद्या सांगते."

४

गुरुवारी पोरीला शाळेत सोडून येताना ती शिवणमावशींकडे थांबली.

"मावशी, मला एक मोठं रीळ द्या. आणि बॉबीन. आणि तुमची पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत काय शिवणार आहेस?"

"शिवायचं नाही. मोजायचंय."

बेत सोपा होता. जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक चौकोनी पोकळी होती. दोऱ्याला वजन म्हणून लोखंडी बॉबीन बांधायची, नवव्यावरून सोडायची, पाचव्यावर मावशींनी पकडायची. मजला दहा फुटांचा धरला तर चार मजले चाळीस फूट. बेचाळीस निघाले तरी ती खरी, चाळीस निघाले तर डॉक्टरकडे जायला ती तयार होती. खरं तर चाळीसच निघावेत अशी तिची मनापासून इच्छा होती.

वर येऊन ती भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली, डोळे गच्च मिटले, आणि एक हात कठड्याच्या गजांतून बाहेर काढला.

"मावशी, सोडू का?"

"सोड! आणि डोक्यावर टाकू नकोस, चष्मा नवा आहे!"

दोरा बोटावरून सरसरत सुटला. दुसऱ्या हातात रीळ फिरत होतं.

"आली का?"

"कुठं?"

रीळ फिरत होतं.

"आता?"

"अगं, सोडलीस का? का नुसतीच बसलीयेस डोळे मिटून?"

कुठे अडकली असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण अडकलेला दोरा ढिला पडतो. हा ढिला नव्हता. बोटावर एकसारखी, मऊ ओढ होती. झोपेत मूल आपलं बोट धरून ठेवतं तशी. ती ओढ न वाढता, न थांबता खाली चालली होती. रीळ पाचशे मीटरचं होतं. तिनं स्वतःच्या श्वासांवरून वेळ मोजायचा प्रयत्न केला आणि पहिल्यांदाच तिला आकडे आठवेनात. घाबरली नव्हती ती. तेच तर चमत्कारिक होतं. मोठ्या माणसांच्या सभेत चुकून शिरलेल्या मुलासारखी ती गप्प, अंग चोरून बसली होती.

मग रीळ हलकं झालं. दोऱ्याचं शेवटचं टोक बोटाला गुदगुली करून निघून गेलं.

"मी मान मोडेस्तोवर वर बघत होते," मावशी नंतर म्हणाल्या. "तू काही टाकलंच नाहीस. आणि रीळ परत दे माझं."

तिनं मोकळं रीळ त्यांच्या हातात ठेवलं. मावशींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

दुपारी चारला ती भिंगरीला घेऊन परतली, तेव्हा पाचव्या मजल्यावर मशीनचा आवाज नव्हता. मावशी जिन्यात, कठड्यापाशी स्टूल टाकून बसल्या होत्या. तळहातावर बॉबीन होती.

"आत्ता आली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाच मिनिटं झाली असतील. हात लावून बघ."

बॉबीन बर्फासारखी गार होती. तिच्यावर दव धरलं होतं.

"आणि दोरा?"

मावशींनी नुसती हनुवटी उचलली. जिन्याच्या पोकळीतून पांढरा दोरा खाली येत होता. सावकाश, मोठमोठे वेटोळे घेत, आवाज न करता. येतच होता. खालच्या मजल्यांवरून जात होता, तरी वरून संपत नव्हता. तिघी जणी बघत राहिल्या. आईनं मात्र मान वर केली नाही.

"मी काही बघितलं नाही हं," शेवटी मावशी म्हणाल्या. "या वयात मला असलं काही बघायचं नाही. भिंगरे, तू काय बघितलंस?"

"दोरा," भिंगरी म्हणाली. "छान पडतोय."

५

शुक्रवारी तेवीस. शनिवारी चोवीस. बालवाडीच्या बाई खूश होत्या. वर्गात विसाच्या पुढे जाणारी भिंगरी एकटीच. घसरगुंडीवर मात्र ती अजूनही चढत नव्हती.

रविवारी नवरा घरी होता. तिनं सगळं सांगितलं, या वेळी न हसता. तो शांतपणे ऐकत राहिला. माणूस वाईट नव्हता. फक्त आयुष्यभर लोकांना वरखाली नेणाऱ्या माणसाला उंचीचं काही वाटत नाही, एवढंच.

"दीड वर्षात तू एकदा तरी बाहेर बघितलंस का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग डोक्यात हवी तेवढी उंच होणारच ना इमारत! एकदा डोळ्यांनी बघ. नऊ मजले आहेत, नऊच दिसतील. समोर शाळेचं मैदान आहे, दूधवाल्याचं दुकान आहे." त्यानं आतल्या खोलीकडे बोट केलं. "आणि पोरगी तुझ्याकडे बघून शिकतेय गं."

हे त्यानं बोलायला नको होतं. बरोबर वर्मी लागलं.

"सरकव कपाट," ती म्हणाली. "पण मी स्वयंपाकघरात उभी राहते आधी."

कपाट फरशीवरून ओरडत सरकलं. कडी गंजली होती. त्यानं तेल घालून ती खालीवर करून बघितली. दार नुसतं लोटलेलं, त्यावर जाड पडदा. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं बटण आत रुतून बसलं होतं.

"दोन मिनिटांत येतो. मी आल्याशिवाय बघू नकोस, आपण दोघं मिळून बघू."

लिफ्टचं दार लागलं. मोटर घरघरायला लागली. नवव्यावरून अगदी तळाला जायला बत्तीस सेकंद लागतात, हे त्यानं तिला कौतुकानं कितीदा तरी सांगितलं होतं. तिनं दूध तापत ठेवलं. दुधाला साय धरली. साय फुगली, दूध वर आलं, तिनं गॅस बंद केला.

मोटर चालूच होती. एकसुरी, न दमता. लिफ्ट अजून खाली जात होती.

ओट्याची कड धरून ती ऐकत राहिली. चूक आपली. झोप आपली कमी. तिसरं वाक्य तिनं मनातही उच्चारलं नाही.

मग तिच्या लक्षात आलं, की भिंगरीच्या गुणगुणण्याचा आवाज येतोय, आणि तो खोलीतून येत नाहीये.

६

पडदा बाहेरच्या बाजूला फुगला होता. दार सताड उघडं. गॅलरी रुंदीला चार फरश्यांची, पलीकडे कठडा. कपडे भिजवायची बादली उपडी घालून त्यावर भिंगरी उभी होती. कठडा तिच्या कमरेला लागत होता.

हाक मारली तर दचकेल. पळत गेलं तरी दचकेल. तिनं पायांना सांगितलं, चला. पहिल्या फरशीवर तिनं दाराची चौकट धरली. दुसरीवर तळव्यांत मुंग्या आल्या. तिसरीवर तिनं डोळे मिटले. चौथी फरशी तिनं आंधळ्यासारखी ओलांडली, आणि हाताला फ्रॉक लागला तसा तिनं पोरीच्या कमरेला विळखा घातला.

सापडली. आता नुसतं मागे फिरायचं. डोळे मिटूनच.

पण भिंगरी कधीही मान वळवणार होती. आईचे मिटलेले डोळे, आवळलेलं तोंड तिला दिसणार होतं, वीतभर अंतरावरून. भीती जाते ती याच वाटेनं. तीन रात्री शोधत होती ती वाट ही. हातातूनही नाही, दुधातूनही नाही. चेहऱ्यावरून.

तिनं डोळे उघडले.

मैदान नव्हतं, दुकान नव्हतं. आधी तिला फक्त उजेड दिसला. खालून येणारा, दुधाळ. मग एक पक्षी. पक्ष्याचं पोट तिनं आजवर पाहिलं होतं, पाठ पहिल्यांदाच पाहिली. पसरलेले पंख न हलवता तो खाली तरंगत होता. त्याच्या खूप खाली दुसरा, तिळाएवढा. त्याच्याही खाली ढगांच्या पाठी, मेंढरांच्या कळपासारख्या सावकाश एका दिशेला चाललेल्या. आणि त्या सगळ्याच्या मधून इमारतीची भिंत खाली गेली होती. खिडक्या, खिडक्या, खिडक्या, बारीक होत, शेवटी एका दोऱ्याएवढी होऊन ढगांत शिरलेली. कुठेतरी तिथे पाचवा मजला होता. कुठेतरी तिथे लिफ्टमधला तिचा माणूस होता. गाड्यांचा आवाज नाही, माणसांचा नाही. वारा होता, तोही दबक्या पावलांनी चाललेला.

ती वाट बघत राहिली, आता पोट पिळवटेल, आता पाय जातील. काहीच झालं नाही. पहिल्या दिवशी शाळेत सोडलेल्या मुलासारखी तिची भीती तिच्याजवळच उभी होती, गप्प, तोंड उघडं टाकून. भीतीलाही आपटायला कुठेतरी जमीन लागते. इथे ती नव्हती. इथे नुसती उंची होती, आणि ती इतकी प्रचंड होती, की तिच्यापुढे घाबरणं तिला उद्धटपणाचं वाटलं.

तिचे डोळे भरून आले. ही माझी पोरगी, आणि हिला मी दुधी कागदाआड ठेवलं, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि अर्ध्यावरच विरलं. तिनं आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. दोघी बाजारात निघाल्या असत्या तर जसा ठेवला असता, तसा.

"छान आहे ना गं?"

भिंगरीनं मान वळवली. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. उलट शिकवून दमलेल्या बाई मठ्ठ पोराकडे बघतात तशी, जरा कनवाळू नजरेनं, ती आईकडे बघत होती. तिनं आपला छोटा गार हात आईच्या हनुवटीखाली लावला आणि तिचं तोंड हलकेच उचललं.

"खाली काय बघतेस, आई?" ती म्हणाली. "वर बघ ना. आता अगदी थोडं राहिलंय."